‘ओझं’मधला तिसरा आवाज

मामा: …आणि तुला शंभरदा सांगितलंय, थोरला गळ्याने गायचा, धाकटा गिटारवरच्या बोटांनी गायचा, पण ‘तिठा’ उभा होता तो मौनीच्या ड्रमवर. मौनीला काढून घे. काय उरतं? दोन भाऊ आणि त्यांचं भांडण.

बाबा: भांडणसुद्धा सुरात असायचं त्यांचं.

मामा: विनोद नको. रेकॉर्डच्या कव्हरवर जाणार आहे हे. आपण मेल्यावरही राहील.

लेक: मामा, कव्हरचा मजकूर पाच वाजता छापखान्यात जायचाय. चार वाजून गेलेत. तुम्ही दोघं अजून पहिल्या परिच्छेदावर आहात.

मामा: पहिल्या परिच्छेदात चूक राहिली की ती शेवटपर्यंत जाते, चिमणे. चौतीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली मी. तुझ्या बापासारखे चष्मे नाही विकले.

बाबा: माझ्या चष्म्यांशिवाय तुला मुद्रितं दिसली नसती.

लेक: वाचा मामा. बाबा, मधे बोलू नका.

मामा: ऐका. ‘तिठा म्हणजे दोन भाऊ आणि एक ड्रमवाला. हमालांची, नावाड्यांची, विटा वाहणाऱ्या बायकांची जुनी गाणी त्यांनी गिटार आणि ड्रमवर आणली आणि आठ वर्षांत तीन रेकॉर्ड काढल्या. सव्वीस वर्षांपूर्वी, एका बंद पडलेल्या सिनेमागृहात, रविवारी दुपारी त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्याचं एकमेव ध्वनिमुद्रण एका श्रोत्याने मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून केलं.’ हा श्रोता म्हणजे तू. नाव घालायचं का?

बाबा: नको. आणि मांडीवर नव्हता. पिशवीत होता.

मामा: ‘पिशवीत.’ दुरुस्त केलं. पुढे. ‘त्या दुपारी थोरल्याने “ओझं” नेहमीपेक्षा अर्ध्या सुराने खाली गायलं, लयही संथ ठेवली. आपण आता वेगळे होणार हे त्याला ठाऊक होतं. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज बसला. हॉल गप्प झाला. आणि आयुष्यात कधी मंचावर तोंड न उघडलेला मौनी गायला.’

बाबा: ती ओळ काढ.

मामा: कुठली?

बाबा: शेवटची. मौनी गायला, ती.

मामा: वेडा झालास का? ती ओळ काढली तर कव्हर कोरं छापा म्हणावं. अरे, जगात या कॅसेटच्या नकला फिरतात त्या कशासाठी? एकाने घ्यायची, दोघांना करून द्यायची, नाही म्हणायचं नाही, हा आपला नियम. बोटीवर काम करणारी माणसं घेऊन गेली ती कॅसेट. कशासाठी? थोरला चांगला गायला म्हणून? तिसऱ्या आवाजासाठी!

बाबा: तिसरा आवाज म्हण ना मग. कुणाचा ते कशाला?

मामा: कुणाचा ते मी सिद्ध केलंय. आपल्या तिठावेड्यांच्या पत्रकाच्या एकविसाव्या अंकात. चार पानं. दोघा भावांचे आवाज आपल्याला पाठ आहेत, तिसरा त्यांच्यातला नाही. मंचावर तिसरा माणूस एकच. पुरुषाचा आवाज, पण हलका, वरचा, न वापरलेला. आणि जे त्या हॉलमध्ये होते ते शपथेवर सांगतात की मौनीचे ओठ हलताना पाहिले.

बाबा: तुझा लेख वाचल्यानंतर सांगायला लागले ते. आधी कुणी नव्हतं सांगत.

मामा: तू तर आधीही काही सांगितलं नाहीस आणि नंतरही. तिसऱ्या रांगेत बसला होतास. विचारलं की म्हणायचास, मी टेप बघत होतो.

बाबा: तू नव्हतास तिथे. एवढंच म्हणतो मी.

मामा: हं. काढलंस.

बाबा: तसं नाही म्हणालो…

मामा: तसंच म्हणालास. रविवारची पाळी होती माझी. दुसरा माणूस आजारी. तिकीट काढून ठेवलेलं, तिसरी रांग, मधली खुर्ची. ते तुझ्या बायकोच्या हातात दिलं मी. म्हटलं, जा बाई, निदान आपल्या घरातलं कुणीतरी ऐकू दे. आणि मी सबंध दुपार बाजारभावातल्या चुका शोधत बसलो. तिठ्याचे एकोणतीस कार्यक्रम ऐकले मी, आणि नेमका शेवटचा हुकला. हे तू मला सांगायला नको.

लेक: मामा, आई गेली होती त्या कार्यक्रमाला? तुमच्या तिकिटावर?

मामा: मग? तू तीन वर्षांची होतीस, शेजारणीकडे ठेवलं होतं तुला. संध्याकाळी पाळी संपवून तडक तुमच्या घरी आलो. म्हटलं, काय गं, कसं झालं? म्हणाली, चांगलं झालं दादा. बस. तिला गाण्यातलं काय कळणार! आठवड्याने तुझ्या बापाने नक्कल करून दिली तेव्हा कुठे मला कळलं काय झालं होतं ते. तिला विचारलं, हा तिसरा कोण गं? तर म्हणाली, तूच ओळख, तुला कळतं त्यातलं. मी म्हटलं, मौनी. म्हणाली, असेल.

बाबा: असेल म्हणाली.

मामा: हो. का?

बाबा: काही नाही.

मामा: चहा सांगून येतो खाली. तोवर तुझ्या बापाला समजाव. म्हातारपणी माणूस हट्टी होतो ऐकलं होतं, हा तर तरुणपणीही असाच होता.

लेक: माझ्यात साखर नको, मामा.

मामा: तुझ्या आईसारखीच आहेस. फुकटचा चहा, तो पण फिका.

लेक: …गेले. बाबा, इकडे बसा. मशीनजवळ.

बाबा: काय आहे?

लेक: सकाळी तुम्ही मूळ कॅसेट आणून दिलीत. चष्म्याच्या डबीत, रुमालात गुंडाळून. आजवर रेकॉर्ड कंपनीलासुद्धा नक्कलच देत होतात. आज का आणलीत?

बाबा: कंपनीचा माणूस म्हणाला ना, नकलेत खरखर फार आहे.

लेक: मी दहा वाजल्यापासून तिच्यावर काम करतेय. शेवटचं कडवं अकरा वेळा ऐकलं. बाबा, ती आई आहे ना?

बाबा: कशावरून म्हणतेस?

लेक: हॉलमधला प्रत्येक आवाज घुमून येतो. थोरला, धाकटा, ड्रम, खोकणारा माणूस, सगळे. तिसरा आवाज घुमत नाही. तो माइकपासून हातभर अंतरावर आहे. पिशवी कुणाच्या मांडीवर होती?

बाबा: तिच्या.

लेक: आणि कडवं उचलायच्या आधी ती नाकाने छोटा श्वास घेते. सुई ओवताना घ्यायची तसा. मी इथे एकटी बसले होते बाबा, कानाला हेडफोन लावून, आणि आई सुई ओवत होती.

बाबा: मला वाटलं, तुला कळणार नाही. तू कधी तिला गाताना ऐकलंच नाहीस.

लेक: कुणी ऐकलं? मला झोपवताना रेडिओ लावायची. मी समजायचे, आईला गाणं आवडत नाही.

बाबा: आवडत नाही कसं? तिठ्याच्या तिन्ही रेकॉर्ड पाठ होत्या तिला. तुझ्या मामामुळेच. त्याने घरात एवढं वाजवलं की भिंतींनाही पाठ झालं. पण गायची नाही. मला वाटलं, लाजते. लग्नाला चार वर्षं झाल्यावर सांगितलं तिने. आठ-नऊ वर्षांची असताना शाळेत समूहगान होतं. घरी सराव करत होती. तुझा मामा बारा वर्षांचा, तेव्हापासून कान तयार. म्हणाला, तू फाटक्या आवाजाची आहेस, बाकीच्यांचं बिघडेल, तू नुसतं तोंड हलव.

लेक: मामा म्हणाले असं?

बाबा: बारा वर्षांचं पोर. पाच मिनिटांत विसरला असेल. हिने ऐकलं. शाळेत तोंड हलवलं, लग्नकार्यांत तोंड हलवलं. तिला रागही नव्हता त्याचा. म्हणायची, दादाला कळतं त्यातलं.

लेक: मग त्या दिवशी?

बाबा: त्या दिवशी थोरल्याचा आवाज बसला. धाकट्याने मागे वळून बघितलंही नाही. तीनशे माणसं, टाचणी पडली तर ऐकू यावी. आणि माझ्या शेजारी हिने सुरू केलं. हळूच. तिचं तिलाही कळलं नसावं. माइक तिच्या मांडीवर, म्हणून कॅसेटमध्ये एवढी मोठी आली. हॉलमध्ये तेवढी नव्हती.

लेक: आणि नकलेत ती पुरुषासारखी कशी झाली?

बाबा: घरी येऊन ऐकलं तर ती रडकुंडीला आली. म्हणाली, पुसा. मी म्हटलं, पुसायचं तर गाणंच पुसलं जाईल. मग नक्कल करताना ट्रेबल, बारीक आवाजाचं बटण, पार खाली आणलं, म्हणजे ती मागे जाईल. गेली नाही; नुसती जाड झाली. टाळ्या सुरू झाल्या तिथे नक्कल थांबवली. आणि माझ्या डेकमधलं, टेप फिरवणारं रबर ढिलं झालं होतं, ते मला सहा महिन्यांनी कळलं. मूळ टेपच हळू फिरत होती.

लेक: म्हणजे सगळंच अर्ध्या सुराने खाली. मग थोरल्याने दुःखाने सूर उतरवला, ते?

बाबा: रबर.

लेक: आणि लय संथ ठेवली?

बाबा: रबर.

लेक: मामाचा चार पानी लेख?

बाबा: हसू नकोस गं.

लेक: हसत नाहीये. कळेपर्यंत सहा महिने गेले, पण मग तरी सांगायचं होतंत.

बाबा: तोवर लेख आला होता. आणि तिने मला शब्द द्यायला लावला होता, दादाला सांगायचं नाही. मी म्हटलं, अगं, तो तुझ्याच आवाजाचं कौतुक करतोय. म्हणाली, म्हणूनच. आता माझा आहे कळलं तर चुका काढेल.

लेक: तिला वाचायला मिळायचं का ते?

बाबा: त्या आवाजावर त्याने जिथे जिथे लिहिलं, ते कापून ठेवलंय तिने. बटणांच्या डब्यात, तळाशी. दवाखान्यात शेवटच्या महिन्यात मला वाचायला लावायची. एक वाक्य आहे त्याचं, ‘या आवाजात शिकवलेलं काही नाही, साठवलेलं सगळं आहे.’ म्हणायची, परत वाचा. मी परत वाचायचो. आठ महिने झाले जाऊन, अजून पाठ आहे मला.

लेक: बाबा, मला कंपनीने काय काम दिलंय माहीतय ना? प्रेक्षकांतले आवाज काढायचे. खोकला, रडणारं मूल, टाळ्यांतल्या जवळच्या टाळ्या. तिसरा आवाज मौनीचा असेल तर राहील. प्रेक्षकांतल्या बाईचा असेल तर मला काढावा लागेल. माझ्या हाताने.

बाबा: म्हणूनच. मौनीचा म्हणून राहू दे.

लेक: मग मघाशी ‘ती ओळ काढ’ का म्हणालात?

बाबा: निघून गेलं तोंडातून. इतके दिवस ते पत्रक होतं, दीडशे लोकांचं. आज म्हटलं छापून येणार, दुकानात लागणार. दुसऱ्याच्या नावाने. आठ महिन्यांत घरात तिचं काय काय आवरलं मी. चष्मे, चपला. एवढंच राहिलंय, आणि ते मौनीचं.

लेक: मामांना सांगा.

बाबा: शब्द दिलाय.

लेक: मग ऐकवूया. मूळ कॅसेट.

बाबा: नको. मोडेल तो. सव्वीस वर्षं… आला, आला. गप्प बस.

मामा: दोन चहा साखरेचे, एक पाप्याचं पितर. काय ठरलं? काढली का ओळ माझ्या पाठीमागे?

लेक: नाही काढली. मामा, एक विचारू? तुम्ही रोज ऐकता ही कॅसेट?

मामा: रोज सकाळी. दाढी करताना. तुझी मामी होती तेव्हा ओरडायची, म्हणायची, या माणसाला पूजा नाही, अर्चा नाही, हेच एक. आता ओरडायला कुणी नाही, तर ऐकताना चुकल्यासारखं होतं.

लेक: आईचा आवाज आहे का तुमच्याकडे? कुठे ठेवलेला?

मामा: नाही. फोनवर एक निरोप होता तिचा. ‘दादा, पालक निवडून ठेवलाय, घेऊन जा.’ एवढाच. फोन बिघडला, दुकानदाराने नवा दिला, म्हणाला सगळं आलंय नव्यात. नव्हतं आलं. आपल्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतं गं? आपण तिठ्याचा ठेवला.

बाबा: चहा घे. निवतोय.

लेक: मामा, बाबांनी आज मूळ कॅसेट आणलीय.

बाबा: चिमणे!

मामा: मूळ? ती मूळ? अरे दगडा, सव्वीस वर्षं मागतोय मी! साठीला मागितली, तर मला चष्म्याची फ्रेम दिलीस. कुठाय? लाव, लाव.

बाबा: नको लावूस.

मामा: का? झिजेल? मी पण झिजलोय.

लेक: लावते. पण पहिल्या कडव्यापासून. ऐका आणि सांगा, सूर कुठला.

मामा: सूर काय सांगायचा, पेटीवरची काळी एक. रेकॉर्डवर पांढरी दोन, त्या दिवशी अर्धा उतरवला… थांब. थांब जरा. हा पांढरी दोन आहे.

लेक: हो.

मामा: तू वाढवलास?

लेक: मी हातही नाही लावला. ही टेप बरोबर वेगाने फिरतेय. बाबांच्या डेकचं रबर ढिलं होतं. नक्कल हळू झाली.

मामा: म्हणजे त्याने सूर उतरवलाच नव्हता.

लेक: नाही.

मामा: आणि लय?

लेक: रेकॉर्डवर आहे तीच.

मामा: मी चार पानं लिहिली, चष्मेवाल्या. थोरल्याचं दुःख मोजून दाखवलं. दीडशे माणसं तसं गायला लागली. कॉलेजातली पोरं हे गाणं काळी एकमध्ये बसवतात, म्हणे शेवटच्या कार्यक्रमाचा सूर. रबर?

बाबा: मला सहा महिन्यांनी कळलं.

मामा: आणि मला सव्वीस वर्षांनी. मुद्रितशोधक म्हणे! बरं. चूक ती चूक. खोडा. ‘अर्ध्या सुराने खाली’ खोडा, ‘संथ’ खोडा. पण एक सांग चिमणे, शेवटच्या कडव्याआधी मौनी एक मात्रा रिकामी सोडतो. हात उचलतो आणि मारत नाही. ती आहे का मूळमध्ये?

लेक: आहे.

मामा: आहे ना? वेग कितीही करा, गप्प राहिलेलं गप्पच राहतं. ते रबराला नाही जमायचं. मी खोटा असेन, मौनी खोटा नव्हता. चालू दे पुढे. शेवटचं कडवं.

बाबा: आता बास. पावणेपाच झाले. मजकूर द्यायचाय.

मामा: तुला झालंय काय आज? घाम का येतोय?

बाबा: ऐकू नकोस, एवढं ऐक माझं. आहे ती ओळ राहू दे. ‘मौनी गायला.’ छान ओळ आहे.

मामा: मघाशी काढ म्हणत होतास.

बाबा: आता ठेव म्हणतो.

मामा: चौतीस वर्षांत एक शिकलो मी. लिहिणारा जिथे ‘इथे बघू नका’ म्हणतो, चूक तिथेच असते. चिमणे, लाव.

(कॅसेट फिरते. थोरल्याचा आवाज अडकतो, ड्रमची एक मात्रा रिकामी जाते. नाकाने घेतलेला छोटा श्वास, आणि अगदी जवळून, हलक्या आवाजात शेवटचं कडवं. मग टाळ्या, आणि टाळ्यांच्या आत कुजबुज.)

कॅसेटमधली बाई: ओझं माझं मीच वाहीन, वाट तेवढी दाव… चढावरती हाक मार, घेऊन माझं नाव…

कॅसेटमधली बाई: अहो… मोठ्याने गायले का मी?

कॅसेटमधला पुरुष: नाही गं.

कॅसेटमधली बाई: कुणी ऐकलं नाही ना?

कॅसेटमधला पुरुष: कुणी नाही. टाळ्या वाजव.

कॅसेटमधली बाई: दादाला सांगू नका हं.

लेक: मामा.

मामा: बंद नको करू. फिरू दे.

लेक: पुढे काही नाही. नुसती खरखर आहे.

मामा: असू दे. फिरू दे.

बाबा: पाणी देऊ?

मामा: रोज सकाळी दाढी करताना. रोज. आठ महिने झाले ती जाऊन, आणि मी रोज सकाळी… मला कळलं नाही रे.

बाबा: ट्रेबल खाली होता. रबर ढिलं होतं. कुणालाच नसतं कळलं.

मामा: हिला कळलं ना? पोरीला कळलं. मला म्हणाली होती ती, तूच ओळख. तोंडावर म्हणाली होती. ओळखलं नाही मी.

बाबा: ती खूश होती त्यातच. खरंच सांगतो. तुझं सगळं कापून ठेवलंय तिने.

मामा: ती घरी का गायची नाही?

बाबा: लाजरी होती.

मामा: लहानपणी गायची. अंगणात दोरीवर कपडे घालताना गायची, मला आठवतंय. मग नंतर नाही आठवत. मी काही बोललो होतो का तिला?

बाबा: आता ते कुठे काढतोस?

मामा: काय बोललो होतो?

बाबा: आठवत नाही मला.

मामा: धाकट्याच्या गिटारची तार कितव्या कार्यक्रमात तुटली ते आठवतं तुला.

बाबा: चहा पी. पार निवला.

मामा: बरं. नको सांगूस.

लेक: मामा, छापखान्याचा फोन येतोय. काय सांगू?

मामा: सांग, दहा मिनिटं. पान माझ्याकडे दे. पेन्सिल नको, लाल पेन दे. ‘आणि आयुष्यात कधी मंचावर तोंड न उघडलेला मौनी’… मौनी गायला नाही. मौनीच्या बायकोने मला पत्र लिहिलं होतं, तो गेला तेव्हा. म्हणाली, घरी हे कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत, पण तुम्ही म्हणता तर गायले असतील. मला तेवढंच बरं वाटतं. आता तिला काय लिहू?

बाबा: खरं ते लिही.

मामा: खरं लिही म्हणून तू सांगतोस मला! तो मात्रा सोडून का थांबला रे? तिसऱ्या रांगेतून तिचा आवाज गेला असेल त्याच्यापर्यंत? त्याने तिच्यासाठी जागा केली?

बाबा: ते मला नाही सांगता येणार. मी मंचाकडे बघत नव्हतो.

मामा: टेपकडे बघत होतास. माहितीय.

बाबा: टेपकडे पण नाही.

मामा: बरोबर. मीही तिकडेच बघायला हवं होतं.

लेक: मामा, आईचा म्हणून लिहिलंत तर कंपनी म्हणेल, प्रेक्षकांतला आवाज, काढा.

मामा: प्रेक्षक कोण? माझ्या खुर्चीवर बसली होती ती. कंपनीच्या माणसाला म्हणावं, हा आवाज काढलास तर मजकूर माझा नाही, कॅसेट याची नाही आणि दीडशे माणसं तुझ्या दारात. त्यातले निम्मे माझ्यासारखे आहेत, दिवसभर बोलतील. काढणार नाही तो.

लेक: मग काय लिहिताय?

मामा: ‘शेवटच्या कडव्यात थोरल्याचा आवाज बसला. मौनीने एक मात्रा रिकामी सोडली. आणि तिसऱ्या रांगेतून’… पुढे तिचं नाव घालतो.

बाबा: आडनाव कुठलं घालणार? तुमचं की आमचं?

मामा: नुसतं नाव. आडनाव घातलं तर पाच वाजेपर्यंत आपण दोघं भांडत बसू.

लेक: ‘गायली’ लिहा मामा, ‘गुणगुणली’ नको.

मामा: गायली. लिहिलं. हे घे. स्वल्पविराम बघ, माझे डोळे आत्ता चालत नाहीयेत.

बाबा: पण अरे, मी शब्द दिला होता तिला. दादाला सांगणार नाही म्हणून.

मामा: तू कुठे सांगितलंस? मी ऐकलं.